निधीसाठीची लांब सायकलफेरी आणि तिच्याआधीचे चार महिने

एखाद्या रुग्णालयासाठी, आजारावरील संशोधनासाठी किंवा संकटात सापडलेल्या लोकांसाठी निधी उभारायचा आणि त्यानिमित्ताने शे-दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक अंतर सायकलने कापायचे, ही प्रथा आता जगात बऱ्याच ठिकाणी रुजली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बिली स्टार यांनी १९८० साली ३६ जणांना घेऊन अशी एक फेरी काढली. ‘पॅन-मास चॅलेंज’ या नावाने ती पुढे दरवर्षी होत राहिली आणि कर्करोगावरील संशोधन व उपचारांसाठी निधी जमवत आली. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हे सुमारे ८७७ किलोमीटरचे अंतर सात दिवसांत पार करणारी, एड्सग्रस्तांच्या मदतीसाठीची फेरीही २०२५ पर्यंत अनेक वर्षे चालली.

अशा फेऱ्यांत उतरणारे बहुतेक जण खेळाडू नसतात. नोकरी, घर, मुलेबाळे सांभाळून उरलेल्या वेळात ते सायकल चालवतात आणि पंचवीस-तीस किलोमीटर गेल्यावर त्यांचे पाय भरून येतात. असे शरीर चार महिन्यांनी १६० किलोमीटर, म्हणजेच शंभर मैल, पार करू शकते का? प्रकृती निरोगी असेल तर बहुतेकांच्या बाबतीत याचे उत्तर होय असे आहे. मात्र त्यासाठी जो सराव लागतो तो अनेकांच्या कल्पनेपेक्षा बराच संथ असतो, आणि तो संथ का असावा हे एकदा नीट कळले की सरावातील पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

शरीराजवळ चालण्या-धावण्यासाठी मुख्यतः दोन प्रकारचे इंधन असते. पहिले ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा स्नायूंत व यकृतात साठवलेला अंश. तो सर्वसाधारण प्रौढ माणसात मिळून सुमारे ५०० ग्रॅम असतो आणि त्यातून साधारण २००० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. दुसरे इंधन चरबीचे. बारीक अंगकाठीच्या माणसातही चरबीच्या रूपाने कित्येक हजार किलोकॅलरी शिल्लक असतात. ग्लायकोजेन हा खिशातला पैसा आहे, चटकन काढता येणारा पण थोडा. चरबी ही बँकेतली ठेव आहे, मोठी पण हळूहळू हाती येणारी. मध्यम वेगाने सायकल चालवताना ताशी ४०० ते ६०० किलोकॅलरी खर्च होतात. त्या जर प्रामुख्याने ग्लायकोजेनमधून गेल्या, तर चार-पाच तासांत साठा संपतो. मग पाय एकाएकी जड होतात, डोके हलके वाटू लागते, चिडचिड होते आणि साध्या चढावर उतरून चालावे लागते. हा अनुभव आलेल्याला आपली ताकद कमी पडली असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे इंधन संपलेले असते.

लांब पल्ल्याच्या सरावाचा गाभा यावरून ठरतो. एकाच वेगाने जाताना शरीराने चरबी अधिक आणि ग्लायकोजेन कमी वापरावे, अशी त्याला सवय लावायची असते. चरबीचे ज्वलन स्नायुपेशींतील मायटोकाँड्रिया या सूक्ष्म घटकांत प्राणवायूच्या साहाय्याने होते. जॉन हॉलोझी या अमेरिकी संशोधकाने १९६७ मध्ये उंदरांना कित्येक आठवडे पट्ट्यावर पळवून दाखवून दिले, की नियमित व्यायामाने स्नायूंतील या घटकांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट होऊ शकते. माणसातही याच दिशेने बदल होतात. त्याचबरोबर स्नायूंभोवती नव्या केशवाहिन्यांचे जाळे वाढते आणि हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते.

आता लक्षात घेण्याची बाब अशी, की हे बदल घडवण्यासाठी शरीराला दमवून टाकण्याची गरज नसते. आरामशीर वेगात दीर्घकाळ सायकल चालवली, तरी स्नायूंना हा संदेश पोहोचतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर बसण्याइतके त्राण शिल्लक राहते. स्टीफन सायलर या संशोधकाने दमाच्या खेळांतील अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला तेव्हा त्यांचा सुमारे ८० टक्के सराव हलक्या श्रमाचा असतो, असे त्याला आढळले. नवशिक्यांचे मात्र बहुधा याच्या उलट चालते. हाताशी वेळ थोडा असल्यामुळे ते प्रत्येक वेळी बऱ्यापैकी जोर लावून चालवतात. परिणामी सराव हलकाही राहत नाही आणि खऱ्या अर्थाने कठीणही होत नाही, फक्त थकवा साचत जातो.

हलका वेग ओळखण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. सायकल चालवताना शेजारच्या सोबत्याशी धाप न लागता पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग जास्त आहे. हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे किंवा घड्याळे उपयोगी असतात, परंतु २२० मधून वय वजा करून काढलेला कमाल ठोक्यांचा आकडा ही केवळ सरासरी असते आणि एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत ती दहा-पंधरा ठोक्यांनी सहज चुकू शकते. माझ्या मते पहिल्या फेरीच्या तयारीत बोलण्याची कसोटी हीच अधिक भरवशाची आहे.

आठवड्यातून तीन किंवा चार दिवस सायकल चालवणे बहुतेकांना जमते. त्यांपैकी एक दिवस लांब अंतराचा, एक-दोन दिवस तास-दीड तासाचे हलके, आणि एक दिवस चढाचा किंवा थोडा वेळ जोर लावण्याचा, अशी वाटणी पुरेशी आहे. लांब दिवसाचे अंतर कसे वाढवावे, हे आकड्यांतच पाहिलेले बरे. आज ३० किलोमीटर आरामात जमत असतील आणि १६ आठवड्यांनी १६० किलोमीटरची फेरी असेल, तर पहिल्या तीन आठवड्यांत लांब दिवस ३५, ४२ आणि ५० किलोमीटरचा ठेवावा आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम ३५ वर यावे. पुढील चार आठवडे ५८, ६६, ७५ आणि परत ५०. त्यापुढचे ८५, ९५, १०५ आणि परत ७०. तेराव्या व चौदाव्या आठवड्यात ११५ आणि १२५ किलोमीटर झाले की अंतर वाढवणे थांबवावे. सरावात पूर्ण १६० किलोमीटर करून पाहण्याची गरज नसते. फेरीच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतर ज्याला नीट जमते, त्याला वाटेतील विसाव्याची ठिकाणे, सोबतचे लोक आणि ताजे पाय यांच्या बळावर उरलेले अंतर पार करता येते. फेरी अनेक दिवसांची असेल तर मात्र शेवटच्या टप्प्यात एक-दोनदा लागोपाठच्या दोन दिवशी लांब अंतर चालवून पाहावे, कारण आदल्या दिवशीच्या थकव्यासह सकाळी सीटवर बसणे हा स्वतंत्र सराव आहे.

दर चौथ्या आठवड्याचा उतार अनेकांना वेळ वाया घालवल्यासारखा वाटतो आणि नेमका तोच वगळला जातो. व्यायामाने शरीरात प्रथम झीज होते आणि ती भरून निघताना शरीर पहिल्यापेक्षा थोडे सक्षम होते. म्हणजे सुधारणा विश्रांतीच्या काळात, त्यातही बरीचशी झोपेत घडते. शिवाय शरीराचे सगळे भाग एकाच गतीने तयार होत नाहीत. रक्तातील द्रवाचे प्रमाण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढते, मायटोकाँड्रिया वाढायला काही आठवडे लागतात, तर स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना बळकटी येण्यास कित्येक महिने जातात. दुसऱ्या महिन्यात दम चांगला वाढलेला असतो आणि गुडघे व घोटे अजून मागे असतात. उत्साह सर्वाधिक असतो तो याच काळात आणि दुखापतीही याच काळात होतात. म्हणून दम आहे एवढ्या कारणाने अंतर वाढवू नये. सकाळी अंथरुणात असतानाचे ठोके नेहमीपेक्षा वाढलेले राहणे, झोप न लागणे, विनाकारण चिडचिड होणे, ही विश्रांती कमी पडत असल्याची चिन्हे आहेत.

गुडघ्याच्या दुखण्याचे आणखी एक मोठे कारण म्हणजे सीटची चुकीची उंची. ती तपासायची रीत सोपी आहे. सायकल भिंतीला टेकवून सीटवर नीट बसावे, नेहमीचे बूट पायात असावेत आणि एक पेडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवावी. या स्थितीत गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे आणि त्यासाठी कंबर एका बाजूला कलावी लागता कामा नये. मग पंजाचा रुंद भाग पेडलवर आणला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो; पेडल तळाशी असताना तो सुमारे २५ ते ३५ अंशांचा असावा. गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर सीट बहुधा खाली असते आणि मागच्या बाजूने दुखत असेल तर बहुधा वर. बदल एका वेळी चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त करू नये आणि दोन-तीन वेळा चालवून झाल्याशिवाय पुढचा बदल करू नये. जड गिअरवर रेटत राहण्यापेक्षा गिअर हलका ठेवून मिनिटाला ८० ते ९० वेळा पाय फिरवणे गुडघ्यांना मानवते. सुरुवातीला पाय हवेत फिरल्यासारखे वाटतात, परंतु काही आठवड्यांत ही लय अंगवळणी पडते.

बसण्याच्या त्रासाबद्दल लोक संकोचाने बोलत नाहीत आणि मग मध्येच फेरी सोडून देण्याची वेळ येते, म्हणून याविषयी स्पष्टच लिहायला हवे. बसल्यावर शरीराचा भार ओटीपोटाच्या दोन हाडांच्या टोकांवर यावा अशी सीट हवी. फार मऊ सीट दुकानात सुखद वाटते, पण लांब पल्ल्यात ही हाडे तिच्यात रुततात आणि मधल्या नाजूक भागातील नसांवर व रक्तवाहिन्यांवर दाब येतो. त्यामुळे बेताची घट्ट आणि आपल्या हाडांतील अंतराला जुळणारी सीट घ्यावी. स्त्रियांमध्ये हे अंतर सरासरीने जास्त असते. सायकलसाठीच्या गादीच्या चड्डीखाली अंतर्वस्त्र घालायचे नसते. त्याच्या शिवणी घासून त्वचा सोलवटते आणि गादीचा उपयोग राहत नाही. घासणाऱ्या जागी मलम लावावे आणि उतरल्यावर ओल्या कपड्यांत बसून न राहता लगेच धुऊन कोरडे कपडे घालावेत. हातांचेही तसेच आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले, तर तळहाताच्या कडेने जाणाऱ्या नसेवर दाब येत आहे असे समजावे, हँडलवरील हातांची जागा दर काही मिनिटांनी बदलावी, कोपर किंचित वाकलेले ठेवावे आणि सीट पुढे झुकलेली नाही ना, हेही पाहावे.

खाणे ही सरावातलीच गोष्ट आहे, हे फार उशिरा लक्षात येते. दीड-दोन तासांहून जास्त चालवायचे असेल तर ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत आणि ती भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासूनच जाऊ लागली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ते ३० ग्रॅम कर्बोदके असतात, यावरून अंदाज येईल. आतड्यांतून ग्लुकोज शोषले जाण्याची मर्यादा ताशी साधारण ६० ग्रॅम असते. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा असल्याने दोहोंचे मिश्रण घेतल्यास ९० ग्रॅमपर्यंत जाता येते, परंतु त्यासाठी पोटाला सवय लागते. श्रम करताना रक्त पोटाकडून पायांकडे वळलेले असते आणि सवय नसलेल्या पोटात अन्न तसेच पडून राहते. म्हणून फेरीत जे खायचे तेच सरावाच्या लांब दिवशी, त्याच वेगाने चालवत असताना खाऊन पाहावे. फेरीच्या दिवशी विसाव्याच्या ठिकाणी मिळणारा अनोळखी पदार्थ कितीही आकर्षक वाटला तरी टाळावा.

पाण्याबाबत दोन्ही बाजूंनी चुका होतात. पाणी कमी पडले तर रक्ताचे प्रमाण घटते, ठोके वाढतात आणि तोच वेग जड वाटू लागतो. उलटपक्षी तहान नसतानाही सतत नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम पातळ होते, आणि या अवस्थेत मळमळ, डोकेदुखी, गोंधळ उडणे येथपासून प्राणावर बेतण्यापर्यंत मजल जाऊ शकते. निधीफेऱ्यांत संथ गतीने, दर थांब्यावर बाटली रिकामी करत जाणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. तहानेप्रमाणे प्यावे आणि उन्हाच्या लांब दिवशी मिठाचा अंश असलेले पेय किंवा खाणे जवळ ठेवावे. आपल्याला किती घाम येतो ते कळण्यासाठी सरावाआधी व नंतर वजन करून पाहावे. वजन दोन टक्क्यांहून जास्त घटत असेल तर पिणे कमी पडते आहे, आणि वजन वाढले असेल तर गरजेपेक्षा जास्त प्यायले गेले आहे. फेरी उन्हाळ्यात असेल तर शरीराला उष्णतेची सवय होण्यास साधारण १० ते १४ दिवस लागतात. या सवयीनंतर घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते.

वेगाचा मोह आवरण्यामागे भौतिकशास्त्राचेही कारण आहे. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बरीचशी शक्ती हवा बाजूला सारण्यात जाते आणि ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० किलोमीटरवरून २५ वर गेले, की वेग चतुर्थांशाने वाढतो, पण हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. दुसऱ्याच्या मागे राहिल्यास या श्रमांत मोठी बचत होते, आणि गटाने चालवण्याचा सराव त्यासाठीही हवा. मात्र आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागील चाकाच्या बाजूला येऊ देऊ नये. दोन चाके घासली की पडतो तो जवळजवळ नेहमी मागचाच. निधीफेरीत शेजारच्या माणसाने गटात यापूर्वी कधीच सायकल चालवलेली नसेल, असे गृहीत धरून अंतर राखावे, खड्डा दिसला की हाताने दाखवावा आणि थांबण्यापूर्वी मोठ्याने सांगावे.

पंक्चर काढणे घरी दोन-तीनदा करून पाहिले पाहिजे. त्यातील विसरली जाणारी पायरी म्हणजे टायरचा आतला भाग तपासणे. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे सावकाश फिरवावीत, कारण काटा किंवा काचेचा कण तेथे रुतून बसलेला असतो आणि तो न काढता घातलेली ट्यूब काही मिनिटांत पुन्हा बसते. चेन, ब्रेक आणि टायर यांची तपासणी फेरीच्या दोन-तीन आठवडे आधी करून घ्यावी, म्हणजे बदललेले भाग सरावात वापरून पाहता येतात.

निधीफेरीची म्हणून जी खास अडचण असते ती अशी, की देणग्या जमवण्याचे काम आणि सरावाचे सर्वांत लांब आठवडे एकाच वेळी अंगावर येतात. लोकांना पत्रे, फोन, स्मरणे, आभार यांना जितका वेळ लागेल असे वाटते त्याहून पुष्कळ जास्त लागतो. हे काम पहिल्या दोन महिन्यांत, म्हणजे सरावाचे अंतर अजून थोडे असताना उरकावे. याहून गंभीर बाब म्हणजे घेतलेल्या पैशांचे दडपण. लोकांनी आपल्या भरवशावर पैसे दिले आहेत, आता माघार कशी घ्यायची, या विचाराने माणसे तापात आणि दुखऱ्या गुडघ्यासह सायकलवर बसतात. ताप असताना कष्टाचा व्यायाम केल्यास हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा ताप उतरून अंगात पुरते त्राण येईपर्यंत सायकल बंदच ठेवावी. देणगी रुग्णांसाठी दिलेली असते, ती परत मागणारा दाता विरळा. सायकलस्वाराने अर्धेच अंतर कापले किंवा त्याला उतरावे लागले, तरी जमलेला पैसा ठरलेल्या कामी पोहोचतोच. चालवताना छातीत दुखणे, चक्कर येणे, घराण्यात कमी वयात हृदयविकार असणे, यांपैकी काही असेल किंवा बऱ्याच वर्षांनी व्यायामाला सुरुवात करत असाल, तर डॉक्टरांकडून तपासून घेऊनच सरावाला लागावे.

शेवटचे दोन आठवडे सराव कमी करण्याचे असतात. खेळाडूंवरील अनेक अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये जे निष्कर्ष काढण्यात आले, त्यांनुसार सुमारे दोन आठवडे एकूण सराव ४० ते ६० टक्क्यांनी घटवणे, पण दिवसांची संख्या आणि अधूनमधूनचा जोर पूर्वीसारखाच ठेवणे सर्वांत लाभदायक ठरते. या काळात पाय उलट जडच वाटतात आणि तयारी कमी पडल्याची शंका येते; तरीही राहून गेलेले अंतर भरून काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण या दिवसांत केलेल्या कष्टांचे फळ फेरीपर्यंत मिळत नाही, थकवा मात्र मिळतो. अखेरच्या दोन-तीन दिवसांत जेवणातील कर्बोदकांचे प्रमाण थोडे वाढवावे.

फेरीच्या सकाळी गर्दीचा उत्साह, वाद्ये आणि टाळ्या यांमुळे पहिला तास हमखास नेहमीपेक्षा वेगाने जातो. तो तास सरावापेक्षाही किंचित हळू घ्यावा आणि खाण्याची पहिली वेळ चुकवू नये. विसाव्याच्या ठिकाणी दहा मिनिटांपेक्षा फार काळ बसू नये, कारण स्नायू गार पडतात आणि परत सुरुवात करणे जड जाते. अनेक दिवसांची फेरी असेल तर मुक्कामी पोहोचल्यावर तासाभरात कर्बोदके आणि प्रथिने असलेले काही खाऊन घ्यावे, पाणी प्यावे, चड्डी धुऊन वाळत घालावी, चेन पुसून तेल द्यावे, टायर बोटांनी दाबून पाहावेत आणि लवकर झोपावे.